जाळं काढणारे परबकाका

अन्याय झाला तो रमाकांत परब यांच्यावर. राहणार काळाचौकी, आमच्याच चाळीत, दुसरा मजला, जिन्यापासून तिसरी खोली. काम: मोटारींच्या रंगावरचे बारीक ओरखडे मशीनने घासून काढणं. वेळ: गणपतीच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार, दुपारी तीन ते चार वाजून वीस मिनिटं. ठिकाण: परळच्या एका टॉवरचं तिसरं बेसमेंट, बंद शटरच्या आत.

मी पत्रकं लिहिते. कुणावर, कधी, कुठे हे पहिल्या चार ओळींत आलं नाही तर लोक त्या कागदाची पुडी करून चणे खातात, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. म्हणून ते आधी सांगून टाकलं. पण परबकाका पत्रकात मावत नाहीत. तीनदा लिहायला बसले, तिन्ही वेळा 'कष्टकरी' आणि 'बळी' हे शब्द आले आणि माणूस गायब झाला. आधीचे काका असते तर म्हणाले असते, "बाय, तू समोरसून बघतंस. आडवो उजेड मार."

आडवा उजेड म्हणजे त्यांचं अर्धं शास्त्र. मी कॉलेजात असताना एकदा त्यांचा डबा द्यायला त्या बेसमेंटात गेले होते. कोपऱ्यातल्या जुन्या स्टोअररूमला शटर होतं, तेच त्यांचं वर्कशॉप. आत एक काळी गाडी उभी होती. मी म्हटलं, "चकाचक आहे की काका. हिला काय झालंय?"

काकांनी खिशातून बोटभर टॉर्च काढली, बॉनेटला गाल लावावा तसे वाकले आणि उजेड पत्र्यावरून सरपटत सोडला. त्याबरोबर त्या गुळगुळीत काळ्यातून हजारो बारीक गोल ओरखडे वर आले. उजेडाभोवती वेटोळं घालून बसलेले. टॉर्च सरकली की तेही सरकत होते, जणू पत्र्याखालून काहीतरी पाठलाग करतंय.

"इंग्रजीत हेका स्वर्ल मार्क म्हणतत," काका म्हणाले. "मी जाळा म्हणतंय."

"आणि कोळी कुठेय?"

"कोळी सकाळी सहाक येता. फडको घेऊन."

मग त्यांनी सांगितलं ते असं. टॉवरच्या सोसायटीने बेसमेंटात पाण्याची बादली बंद केली. फरशी ओली होते, वास येतो, म्हणून. गाड्या पुसणारे आता कोरड्या फडक्याने पुसतात. एकच फडकं, पंचवीस गाड्या, गोल गोल हात. गाडीवरची धूळ म्हणजे बारीक वाळू. ती पुसली जात नाही, घासली जाते. "तेंचो दोष नाय हां," काका बोट वर करून म्हणाले. "बादली कोणी काढून घेतली ता विचार." माझ्या वहीत त्या वर्षी लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच आहे, आणि ते माझं नाही.

काकांच्या फडक्यांचं चाळीत वेगळं सोवळं होतं. गॅलरीत त्यांची स्वतंत्र दोरी. पिवळी फडकी रंगासाठी, निळी काचेसाठी. कुणी त्या दोरीवर बनियन टाकला की भांडण. आणि फडकं जमिनीवर पडलं की त्याचा कारभार आटोपला. धुवा, उकळा, काहीही करा, ते परत रंगाला लागायचं नाही. काका कात्री आणून त्याचा एक कोपरा कापायचे. कोपरा कापलेलं फडकं फक्त चाकांना. अंधारात हाताला लागलं तरी कळलं पाहिजे, म्हणून कोपरा.

एकदा माझ्या आईने पडलेलं पिवळं फडकं उचललं, झटकलं आणि परत दोरीवर टाकलं. संध्याकाळी काका आमच्या दारात.

"वहिनी, खरा सांगा. पडलेला?"

"अहो, झटकलं ना मी. स्वच्छ आहे."

"दिसणारी माती झटकलात. न दिसणारी?"

"मग काय फडक्याचं सुतक पाळू?" आई उखडली.

काकांनी उंबऱ्यावर उभ्या उभ्या कोपरा कापला, तुकडा खिशात टाकला आणि नमस्कार करून गेले. आई पुढे कित्येक दिवस त्यांना 'कोपरेकाका' म्हणत होती. काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, तक्रार वेगळीच. काका जेवायचं टेबलसुद्धा सरळ रेघेत पुसायचे. एक रेघ, फडकं उचल, घडी उलट, दुसरी रेघ. गोल हात फिरवायचा नाही म्हणजे नाही. "अख्ख्या जन्मात एवढीच एक गोष्ट सरळ केली ह्या माणसाने," काकू म्हणायच्या. मी विचारलं होतं, तुमचं मशीन तर गोलच फिरतं, ते चालतं? "मशीनीच्या पॅडाखाली काय हा ता माका म्हायत हा," ते म्हणाले. "माणसाच्या हाताखाली काय हा, ता कोणाक म्हायत?"

आता या धंद्यातलं खरं भीतीदायक ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ओरखडे 'निघत' नाहीत. गाडीच्या रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो, माणसाच्या केसापेक्षा पातळ. ओरखडे त्या थरात असतात. मशीन आणि पॉलिश मिळून ओरखड्याच्या तळापर्यंतचा तेवढा थर खरवडून काढतात, सगळं सपाट होतं, गाडी आरशासारखी दिसते. लोक म्हणतात नवी झाली. खरं तर ती म्हातारी झालेली असते, फक्त दिसत नाही. दोनदा, फार तर तीनदा. मग थर संपतो आणि एक दिवस पॅड रंगावर उतरतं.

म्हणून काका मीटर लावून थराची जाडी मोजायचे आणि आकडा चिकटपट्टीवर लिहून दाराच्या आतल्या कडेला लावायचे. प्रत्येक वेळी नवी पट्टी, जुनीच्या खाली. शिवाजी पार्कचे एक निवृत्त डॉक्टर होते, त्यांच्या गाडीच्या दारावर एक खोल ओरखडा होता. सगळं झाल्यावर काका म्हणाले, "साहेब, हा एक ठेवलाय. हा काढायला गेलो तर दाराला आयुष्य राहणार नाही." डॉक्टर हसले. म्हणाले, "परब, पेशंटला मी आयुष्यभर हेच सांगत आलो. कुणी ऐकलं नाही." गाडी तशीच घेऊन गेले, दर दिवाळीला काकांना फोन करायचे. असंही गिऱ्हाईक असतं, हे मला मुद्दाम नोंदवायचंय, नाहीतर तुम्ही म्हणाल ही मुलगी गाडीवाला दिसला की भुंकते.

दरवर्षी गणपतीच्या आधी काका आमच्या मंडळाची रुग्णवाहिका पॉलिश करायचे. दोन दिवस, फुकट. कार्यकर्ते टिंगल करायचे. मंडळाचा मंग्या एकदा म्हणाला, "काका, आत झोपलेल्याला काय फरक पडतो हो, बाहेर स्क्रॅच आहे का नाही?"

"तेका नाय पडत," काका म्हणाले. "भायेर उभ्या असतल्यांका पडता. आपल्या माणसाक कशातसून नेतत ता तेंका दिसता."

मग मंग्या म्हणाला, "काका, सणासुदीला असलं बोलू नका यार."

आता पंखा.

त्या तिसऱ्या बेसमेंटात भिंतीएवढा एक पंखा आहे. खालची हवा ओढून वर फेकतो. त्याचं तोंड वर बागेत निघतं, आणि बागेत दुपारी तीन ते पाच ध्यानाचा वर्ग भरायला लागला. आवाजाची तक्रार ग्रुपवर आली. सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी तोडगा काढला: तीन ते पाच पंखा बंद. खालचा कुणी परत चालू करू नये म्हणून बटणाच्या पेटीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे, सव्विसाव्या मजल्यावर. वर डोळे मिटून लोक श्वासावर लक्ष द्यायचे. खाली मालकांची वाट बघणारे ड्रायव्हर उकाड्यामुळे इंजिन सुरू ठेवून एसीत बसायचे, चार-चार पाच-पाच गाड्या. आणि कोपऱ्यातल्या खोलीत काका. शटर खाली ओढून.

शटर ते स्वतः ओढायचे, हे मी लपवत नाही. पॉलिश करताना बाहेरून धुळीचा एक कण पॅडखाली आला तर नवं जाळं तयार होतं. उघड्या शटरने मशीन चालवणारा त्यांच्या लेखी कारागीरच नव्हता. पंखा सुरू असेपर्यंत हे चालून जायचं, खोलीतल्या झरोक्यातून हवा ओढली जायची. पंखा बंद झाला की त्याच झरोक्यातून धूर आत यायचा.

जून महिन्यात काका माझ्याकडे आले. हातात एक पुठ्ठा, त्यावर चिकटपट्ट्या ओळीने लावलेल्या. गाडीचे आकडे नव्हते. पंखा कधी बंद झाला, कधी सुरू झाला, डोकं कधी दुखायला लागलं. त्यांच्या टोकदार अक्षरात, रोजचं.

"बाय, हेचा एक कायतरी लिहून दी. तीन वाजले की कपाळात मशीन सुरू होता. चार वाजता पाय माझे नसतत."

मी तेव्हा चाळीच्या पुनर्विकासाच्या मोर्च्यात बुडाले होते. पुठ्ठा बघितला आणि म्हटलं, "काका, त्या टॉवरची जमीन गिरणीची ना? तुमचे वडील तिथेच साच्यावर कापड विणायचे ना? मग हे असं मांडू या, बाप वर कापडाच्या धुळीत, मुलगा खाली..."

"तेचो पंख्याशी काय संबंध?" काकांनी मला मधेच तोडलं. "पंखो चालू करा, एवढाच लिही. एक ओळ."

"एका ओळीचं पत्रक नसतं हो काका. मोर्चा होऊ दे, मग नीट करते."

"बरा," ते म्हणाले. पुठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्यावर नंतर माझ्या मोर्च्याच्या पावत्या साठल्या. मी इतरांकडे बोट दाखवणार आहे, म्हणून हेही लिहून ठेवते.

त्या मंगळवारी गाडी होती खुद्द सेक्रेटरींची. काळी, मोठी. दीड वर्षात तिसऱ्यांदा जाळं काढायला आलेली, कारण रोज सकाळी कोरडं फडकं तेच जाळं परत विणत होतं. काकांनी दार उघडून पट्ट्या दाखवल्या, दोन आकडे, खालचा फार लहान. मालकाची वाट बघणारा इर्शाद नावाचा ड्रायव्हर तिथेच उभा होता, त्याने मला पुढचं सांगितलं.

"साहेब, हिच्यावर आता मशीन नको. थर संपत आलाय."

"परब, गणपतीला घरी माणसं येणार. उन्हात गाडी कशी दिसते बघितलंय? तुम्हाला जागा दिलीय ती कशासाठी?"

"बादली सुरू करा साहेब, जाळं येणारच नाही."

"ते कमिटी ठरवेल. तुम्ही गाडी करा. आज."

काकांनी सगळ्यात मऊ स्पंजचं पॅड लावलं, मशीन सगळ्यात हळू ठेवलं. हळू म्हणजे जास्त वेळ. शटर ओढलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. तीनला पंखा थांबला.

इर्शाद समोरच्या गाडीत होता. तो म्हणाला, "दीदी, काकांचं मशीन गातं. कडेला गेलं की आवाज बारीक, मधे आलं की जाड. रोज ऐकतो मी. त्या दिवशी आवाज एकच. हलतच नव्हता. पहिले वाटलं काम बारीक असेल. मग वाटलं, एवढा वेळ एका जागी? काकांचं मशीन एका जागी?"

त्याने शटर वर ढकललं. चार वाजून वीस मिनिटं, त्याने फोनवर बघितलंय. मशीन जमिनीवर उताणं पडलेलं, बटण अडकवलेलं, पॅड हवेत फिरत होतं. काका चाकाला टेकून बसलेले, डोळे अर्धवट उघडे. गाडीवर एक डाग नव्हता. तोल जातोय हे कळल्यावर या माणसाने आधी मशीन पत्र्यावरून उचललं, बाजूला ठेवलं, आणि मग तो पडला. पाच मिनिटांनी सेक्रेटरी खाली आले. इर्शाद सांगतो, त्यांनी आधी बॉनेटवरून हात फिरवला.

मंडळाचीच रुग्णवाहिका आली. पॉलिश होऊन चार दिवस झाले होते. मंग्या चालवत होता आणि रडत होता.

काका वाचले. इस्पितळातला नववा दिवस उजाडला तेव्हा घरी आले, विसर्जन बघायला गॅलरीत खुर्ची टाकून बसलेसुद्धा. डॉक्टरांनी बजावलं होतं की धुराचा विषारी वायू मेंदूत गेलाय, काही दिवस बरं वाटेल, नंतर लक्ष ठेवा. आम्हाला 'बरं वाटेल' एवढंच ऐकू आलं. तीन आठवड्यांनी काकांनी काकूंना विचारलं, "तू कोणाकडे इलंस?" मग हात थरथरायला लागला. मग टॉर्च कशी लावायची ते विसरले.

मी सोसायटीच्या कमिटीसमोर गेले. पुठ्ठा घेऊन. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "आम्हालाही वाईट वाटतं. पण शटर त्यांनी स्वतः बंद केलं होतं."

"हो. आणि पंख्याची पेटी?"

"तो रहिवाशांचा सामूहिक निर्णय होता."

"खाली कुणाला विचारलं?"

"खाली कोणी राहत नाही, मॅडम."

हे वाक्य मी कुठल्याही पत्रकात रचून लिहिलं असतं तर माझ्याच लोकांनी म्हटलं असतं, भडक झालंय, काप.

त्या स्टोअररूममध्ये आता दुसरा माणूस मशीन चालवतो. मी त्याला भेटले. त्याचं डोकं दुखतं, पण त्याला वाटतं उकाड्याने. शटर तोही ओढतो, कारण चांगला कारागीर आहे. पंखा तीन ते पाच अजून बंद आहे. माझ्या अर्जावर 'विचाराधीन' असा शेरा आहे.

काकांना मी नीट पाहिलं ते गेल्या रविवारी. संध्याकाळी पाचचं ऊन चाळीच्या पटांगणात तिरपं उतरलं होतं. रुग्णवाहिका उभी होती आणि काका तिच्यापाशी. काकू जिन्यात बसून लक्ष ठेवून होत्या. काकांच्या हातातून पिवळं फडकं खाली पडलं. त्यांनी ते उचललं. झटकलंही नाही. त्याला आधीच एक कोपरा नव्हता. आणि ते त्या पांढऱ्या दारावर फिरवायला लागले. कोरडंच. गोल, गोल, गोल.

मी पुढे झाले. मंग्याने माझा दंड धरला. "राहू दे गं," तो म्हणाला. "पुसू दे त्यांना."

आम्ही उभे राहिलो. काका मागे सरकले, मान कलती करून आपलं काम बघितलं, आणि माझ्याकडे वळून हसले. तिरप्या उन्हात दारावर एकेक वर्तुळ वर येत होतं. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. एकट्या त्यांना दिसत नव्हतं.

आता तुम्ही. तुमच्या बिल्डिंगला बेसमेंट असेल, तर हे वाचून झाल्यावर वर जाऊ नका. लिफ्टचं सगळ्यात खालचं बटण दाबा. दुपारी तीननंतर जा. पंखा शोधा, सुरू आहे का बघा, पेटीला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा आणि ती मिळेपर्यंत तिथून हलू नका. आणि कुठल्या बंद शटरमागे मशीनचा आवाज येत असेल तर थांबून ऐका. आवाज हलत नसेल तर कमिटीची वाट बघू नका. शटर उचला.